शिवणयंत्रावरून सीमेपार

१९४९मध्ये स्थापन झालेल्या साम्यवादी पूर्व जर्मनीतून १९६१पर्यंतच्या काळात पंचवीस लाखांहून अधिक माणसे पश्चिमेकडे निघून गेली. त्यांत डॉक्टर, अभियंते आणि कुशल कारागीर यांचा भरणा मोठा असल्यामुळे १३ ऑगस्ट १९६१ रोजी तेथील राजवटीने बर्लिनमध्ये भिंत उभारण्यास प्रारंभ केला. भिंतीची कीर्ती जगभर झाली. परंतु दोन जर्मनींना विभागणारी सुमारे १,४०० किलोमीटरची मुख्य सीमा ओलांडणेही तितकेच जिवावरचे होते. जाळीची कुंपणे, टेहळणी मनोरे आणि भूसुरुंग यांच्या जोडीला १९७०च्या दशकात, तारेला धक्का लागताच धातूचे तुकडे उडवणारी स्वयंचलित उपकरणेही कुंपणावर बसवण्यात आली. परवानगीविना देश सोडणे हा दंडसंहितेनुसार गुन्हा होता आणि त्याची नुसती तयारीही शिक्षेस पात्र ठरे.

या सीमेच्या उत्तरेस, थुरिंगिया प्रांतातील प्योसनेक या गावी राहणारे पेटर श्ट्रेल्त्सिक आणि ग्युन्टर व्हेत्सेल यांनी १९७८च्या मार्चमध्ये आपापल्या कुटुंबासह गरम हवेच्या फुग्यातून निसटण्याचा निश्चय केला. श्ट्रेल्त्सिक विजेची व यंत्रांची कामे जाणणारे, तर व्हेत्सेल मूळचे गवंडी. फुगा उडवण्याचा अनुभव दोघांनाही नव्हता. या पलायनावर १९८२मध्ये हॉलिवूडने आणि २०१८मध्ये जर्मनीने चित्रपट काढले, आणि त्यामुळे ते मुख्यतः साहसकथा म्हणून स्मरणात राहिले. प्रत्यक्षात हवेपेक्षा कापडाच्या दुकानानेच या दोघांची अधिक परीक्षा पाहिली, असे घटनाक्रम बारकाईने तपासता दिसते.

पहिल्या फुग्यासाठी त्यांनी गेरा शहरातून शेकडो मीटर सुती कापड घेतले आणि विक्रेत्याचे आश्चर्य शमवण्यासाठी, सहली काढणाऱ्या मंडळाच्या तंबूंना अस्तर लावायचे आहे, असे सांगितले. जुन्या, पायाने चालवण्याच्या शिवणयंत्रावर शिवलेला तो फुगा फुगेचना, कारण सुताच्या विणीतून हवा निसटत होती. तेव्हा निरनिराळ्या कापडांचे तुकडे आणून त्यांतून किती हवा झिरपते आणि ते किती उष्णता सोसतात, याच्या घरगुती चाचण्या त्यांनी घेतल्या. अखेर टॅफेटा, म्हणजे घट्ट विणीचे तलम कृत्रिम कापड, पसंत ठरले आणि लाइपझिगमध्ये ते मोठ्या प्रमाणावर घेताना नौकाविहार मंडळाच्या शिडांचे निमित्त पुढे करण्यात आले. सर्व उत्पादन सरकारी योजनेनुसार ठरणाऱ्या त्या अर्थव्यवस्थेत मोठी खरेदी सहज डोळ्यांवर येई, त्यामुळे थाप पटण्याजोगी असणे कापडाच्या दर्जाइतकेच महत्त्वाचे होते.

मध्यंतरी व्हेत्सेल कुटुंबाने, धोका फार वाटल्याने, अंग काढून घेतले. १९७९च्या जुलैमध्ये श्ट्रेल्त्सिक कुटुंब एकटेच उडाले. पण ढगातील ओलाव्याने फुगा जड झाला आणि सीमेपासून दोनशे मीटरही उरले नसताना पूर्वेच्याच हद्दीत उतरला. कुटुंब लपतछपत घरी परतले, मात्र फुगा आणि काही वस्तू मागे राहिल्या. त्या हाती लागताच श्टाझीने, म्हणजे नागरिकांवर पाळत ठेवणाऱ्या राज्यसुरक्षा मंत्रालयाने, शोध सुरू केला आणि वस्तू ओळखण्याचे आवाहन वृत्तपत्रातून प्रसिद्ध झाले. आता थांबणे हेच अधिक धोक्याचे ठरल्यामुळे दोन्ही कुटुंबे पुन्हा एकत्र आली. तिसऱ्या फुग्याला बाराशे चौरस मीटरहून अधिक कापड लागणार होते. एका ठिकाणी संशय येऊ नये म्हणून ते गावोगाव हिंडून, थोडे थोडे करून जमवावे लागले, आणि म्हणूनच तो फुगा नाना रंगांचा झाला.

१६ सप्टेंबर १९७९च्या पहाटे, उत्तरेचा वारा मिळताच, चार मोठी माणसे आणि चार मुले लोखंडी पत्र्याच्या, भोवती केवळ दोर ताणलेल्या मंचावर चढली. उड्डाणाच्या वेळी कापडाने पेट घेतला, तो विझवावा लागला. पुढे सुमारे २,००० मीटर उंचीवर, शून्याखालच्या थंडीत, प्रोपेन वायू संपत आला. अर्ध्या तासाच्या आत फुगा बव्हेरियातील नाइला गावाजवळ उतरला. आपण नेमके कुठे आहोत हे त्यांना ठाऊक नव्हते, त्यामुळे समोर आलेल्या पोलिसांनाच त्यांनी, हा पश्चिम भाग आहे का, असे विचारले.

या सुटकेची किंमत मागे राहिलेल्यांनी मोजली, ही बाब चित्रपटांच्या झगमगाटात सहसा झाकली जाते. श्ट्रेल्त्सिक यांच्या भावाला अटक झाली, आणि पलायनास साहाय्य केल्याच्या आरोपाखाली नातेवाइकांना तुरुंगवास भोगावा लागला. राजवटीने सीमेलगतचे छोटे विमानतळ बंद केले, प्रोपेनच्या टाक्यांची नोंदणी सक्तीची केली आणि फुग्याजोगे कापड घाऊक प्रमाणात मिळू नये अशी तजवीज केली. श्ट्रेल्त्सिक यांनी पश्चिमेत दुरुस्तीचे दुकान काढले, पण श्टाझीचा ससेमिरा तेथेही सुटला नाही. १९८०च्या दशकाच्या मध्यास ते स्वित्झर्लंडला गेले आणि जर्मनीच्या एकीकरणानंतर प्योसनेकमधील आपल्या जुन्या घरी परतले.