ज्ञानेश्वरांची भिंत पडद्यावर कशी चालली? १९४० च्या ‘संत ज्ञानेश्वर’ सिनेमाचे नगर जिल्ह्यातले तीन धागे

आषाढी वारी जवळ आली की मोबाइलवर एक चित्र हमखास फिरतं. समोरून वाघावर बसून, हातात सापाचा चाबूक घेऊन चांगदेव येतायत आणि इकडून चार भावंडं चक्क भिंतीवर बसून त्यांना सामोरी निघालीयत. निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान आणि मुक्ताई.

हे चित्र आपण कॅलेंडरवर पाहिलंय, देवळाच्या भिंतीवर पाहिलंय, आता एआयनं बनवलेल्या व्हिडिओत पण पाहतोय. पण ती भिंत लाखो लोकांसमोर खरोखर ‘चालली’ ती १९४० साली, पुण्याच्या प्रभात फिल्म कंपनीच्या ‘संत ज्ञानेश्वर’ या सिनेमात.

साडेसहाशे वर्षं जुनी गोष्ट, त्यात चमत्कारांवर चमत्कार आणि हाताशी ना कॉम्प्युटर ना ग्राफिक्स. मग हे जमवलं कसं? आणि या सगळ्यात अहिल्यानगर, म्हणजे आपल्या जुन्या अहमदनगर जिल्ह्याचा काय संबंध? संबंध एक नाही, तीन आहेत.

धागा पहिला : नेवासे, जिथं चमत्काराचा उल्लेखच नाही

अहिल्यानगर जिल्ह्यात प्रवरा नदीच्या काठी नेवासे आहे. ज्ञानेश्वरी सांगितली गेली ती इथं, शके १२१२ मध्ये, म्हणजे इसवी सन १२९० साली. परंपरेप्रमाणे ज्ञानदेवांचं वय तेव्हा अवघं पंधरा वर्षांचं. ते ज्या खांबाला टेकून बसायचे असं मानतात, तो ‘पैस’चा खांब आजही तिथल्या मंदिरात आहे. दुर्गा भागवतांच्या प्रसिद्ध लेखसंग्रहाचं ‘पैस’ हे नाव याच खांबावरून आलं. त्या पुस्तकाला १९७१ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

आता गंमत बघा. ज्ञानेश्वरीत सुमारे नऊ हजार ओव्या आहेत. ग्रंथ संपताना ठिकाण सांगितलंय, राज्य यादव राजा रामचंद्राचं आहे हे सांगितलंय, गुरुपरंपरा सांगितलीय, सच्चिदानंदबाबांनी लेखन केलं हेही येतं. पण रेडा वेद बोलला किंवा भिंत चालली, असं ज्ञानदेव स्वतःबद्दल कुठंच सांगत नाहीत.

चांगदेवांचंही तसंच. परंपरा सांगते की त्यांनी कोरा कागद पाठवला आणि त्याला उत्तर म्हणून ज्ञानदेवांनी ६५ ओव्या लिहिल्या. हीच ‘चांगदेव पासष्टी’. तिच्यात ना वाघ आहे ना भिंत. आहे ते शुद्ध अद्वैताचं तत्त्वज्ञान.

म्हणजे ज्या दोन प्रसंगांमुळे ज्ञानेश्वर घराघरांत पोचले, ते त्यांच्या ग्रंथात नाहीतच. मग आले कुठून?

धागा दुसरा : ताहाराबादचे महिपती

नामदेवांच्या नावावर ‘आदी’, ‘तीर्थावळी’ आणि ‘समाधी’ ही अभंगांची प्रकरणं आहेत. ज्ञानदेवांची चरित्रकथा तिथून सुरू होते. पण आज आपल्याला माहीत असलेला तिचा ठसठशीत घाट बराचसा घडवला तो राहुरी तालुक्यातल्या ताहाराबादच्या एका माणसानं. त्यांचं नाव महिपती.

महिपती (१७१५–१७९०) हे गावचे कुलकर्णी. १७६२ साली त्यांनी ‘भक्तविजय’ लिहिला आणि १७७४ साली ‘भक्तलीलामृत’. संतांची चरित्रं ओवीत सांगायची, सोपी सांगायची आणि ऐकणाऱ्यानं उठून जाऊ नये अशी सांगायची, ही त्यांची हातोटी होती. गावोगावच्या पारायणांत आणि कीर्तनांत हे ग्रंथ वाचले गेले, गायले गेले.

महिपतींची संतचरित्रं एकामागून एक प्रसंगांत चालतात. पैठणची ब्रह्मसभा भरलीय, पोरांना टोमणे बसतायत, तेवढ्यात समोरून रेडा चाललाय. कोण कुठं उभं आहे, कोण काय बोललं, गर्दी कशी गप्प झाली, सगळं डोळ्यांसमोर येतं. सिनेमाच्या भाषेत याला पटकथा म्हणतात. कॅमेरा यायच्या दीडशे वर्षं आधी ताहाराबादेत ती जवळपास तयार होती.

तिकडे जर्मनीत काय चाललं होतं?

मध्ययुगातली गोष्ट उचलून तिचा अद्भुत सिनेमा करायचा, हा खटाटोप त्या काळात फक्त पुण्यात चालला नव्हता.

साधारण इसवी सन १२०० च्या सुमारास जर्मन भाषेत ‘निबेलुंगेनलीड’ हे वीरकाव्य रचलं गेलं. म्हणजे ज्ञानेश्वरीच्या जेमतेम शंभर वर्षं आधी. नायक सिगफ्रिड, ड्रॅगन मारणारा. या काव्यावर फ्रिट्झ लांग या दिग्दर्शकानं १९२४ साली ‘डी निबेलुंगेन’ हा दोन भागांचा मूकपट काढला. त्यासाठी पूर्ण आकाराचा यांत्रिक ड्रॅगन बनवला आणि आत बसलेली माणसं तो हलवत होती.

आणि इथंही तीच गंमत. मूळ काव्यात ड्रॅगनची लढाई प्रत्यक्ष घडताना येतच नाही. हागेन नावाचं पात्र ती जुनी हकिकत म्हणून मोजक्या शब्दांत सांगतं आणि पुढं जातं. काव्याचा खरा विषय आहे विश्वासघात आणि सूड. सिनेमानं मात्र समासातली ती नोंद उचलून थेट पडद्याच्या मधोमध आणली.

या सिनेमाची पटकथा लिहिली होती लांगच्या पत्नी थेआ फॉन हारबो यांनी. लांगपासून १९३३ मध्ये घटस्फोट झाल्यावर त्यांनी ज्यांच्याशी संसार मांडला ते अयी तेंडुलकर हे बेळगाव भागातले मराठी पत्रकार. जग तसं लहानच असतं.

पण या गोष्टीला एक काळी बाजूही आहे. १९३३ मध्ये नाझी सत्तेवर आले आणि त्याच वर्षी सिनेमाचा पहिला भाग वॅग्नरचं संगीत आणि आवाज जोडून पुन्हा दाखवला गेला. ड्रॅगन मारणारा वीर ठेवला. सुडानं सगळ्यांचाच सर्वनाश होतो हे सांगणारा दुसरा भाग मात्र मागं राहिला. गोष्टीतलं काय घ्यायचं आणि काय गाळायचं, हा प्रश्न नुसता कलेचा नसतो, तो असा.

प्रभातनं जादू केली कशी?

‘संत ज्ञानेश्वर’चे दिग्दर्शक होते विष्णुपंत दामले आणि शेख फत्तेलाल. दोघंही कोल्हापुरात बाबूराव पेंटरांच्या हाताखाली तयार झालेले. १९२९ साली कोल्हापुरात प्रभात सुरू झाली, १९३३ मध्ये ती पुण्यात आली. जिथं तिचा स्टुडिओ होता, तिथंच पुढं १९६० मध्ये आजची फिल्म इन्स्टिट्यूट उभी राहिली.

या जोडीनं १९३६ साली ‘संत तुकाराम’ केला होता. १९३७ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. पाठोपाठ पुढचा संतपट आला तो ज्ञानेश्वरांवर. लेखक पुन्हा शिवराम वाशीकर, संगीत पुन्हा केशवराव भोळे, गीतं शांताराम आठवले यांची. सिनेमा मराठी आणि हिंदी अशा दोन्ही भाषांत निघाला.

त्या काळात कॅमेऱ्यापुढं चमत्कार करायचे काही ठरलेले मार्ग होते.

• कॅमेरा थांबवणं : मधेच कॅमेरा बंद करायचा, वस्तू बदलायची, पुन्हा सुरू करायचा. पडद्यावर वस्तू अचानक अवतरते किंवा गायब होते.

• दुहेरी छायाचित्रण : फिल्मचा अर्धा भाग झाकून एक दृश्य टिपायचं, मग फिल्म मागं फिरवून उरलेल्या भागावर दुसरं. दोन वेगळ्या जागा एकाच चौकटीत येतात.

• पार्श्वभूमी हलवणं : वस्तू जागेवरच ठेवायची आणि मागचं दृश्य सरकवायचं. डोळ्यांना वाटतं, वस्तूच चाललीय.

• छोटी मॉडेल्स : लहान प्रतिकृती जवळून चित्रित करायची. पडद्यावर ती अवाढव्य दिसते.

यातल्या काही युक्त्या दादासाहेब फाळक्यांनी ‘लंका दहन’ (१९१७) आणि ‘कालिया मर्दन’ (१९१९) या मूकपटांतच वापरल्या होत्या. पण रेड्याचा प्रसंग मूकपटाला पेलणारा नव्हता. तिथं चमत्कार दिसायचा नसतो, ऐकू यायचा असतो. मराठी सिनेमा बोलायला लागला तो १९३२ च्या ‘अयोध्येचा राजा’पासून, तोही प्रभातचाच. आणि प्रभातमध्ये ध्वनिमुद्रणाचं काम बघत होते दामले. म्हणजे ज्याला आवाज कळतो तोच माणूस आता दिग्दर्शकाच्या खुर्चीत होता.

धागा तिसरा : नगरचे शाहू मोडक

ज्ञानेश्वरांच्या भूमिकेसाठी निवड झाली शाहू मोडकांची. जन्म अहमदनगरचा, १९१८ सालचा, आणि घर मराठी ख्रिस्ती.

मोडक तोवर नवखे राहिले नव्हते. १९३२ च्या ‘श्यामसुंदर’मध्ये ते लहानगे कृष्ण झाले होते. १९३९ मध्ये व्ही. शांतारामांच्या ‘माणूस’मध्ये त्यांनी वेश्येच्या प्रेमात पडणारा पोलीस शिपाई गणपत रंगवला. आणि पुढच्याच वर्षी ते ज्ञानेश्वर झाले. नंतरच्या काळात त्यांनी इतक्या सिनेमांत कृष्ण साकारला की कृष्ण म्हटलं की लोकांना त्यांचाच चेहरा आठवायचा.

आता हे जुळवून बघा. वारकऱ्यांच्या माउलींवर सिनेमा निघतो. दिग्दर्शकांच्या जोडीतले एक हिंदू, एक मुसलमान. पडद्यावरचे ज्ञानेश्वर एका ख्रिस्ती घरातले. संतांनी जे सांगितलं ते सिनेमाच्या श्रेयनामावलीतच उतरलं होतं.

पण रेडा बोलला कशासाठी?

चमत्कार दाखवणाऱ्या प्रत्येक सिनेमापुढं एक धोका असतो. लोक ट्रिक बघून टाळ्या वाजवतात आणि गोष्ट विसरतात. म्हणून गोष्ट नेमकी काय आहे हे आठवायला हवं.

विठ्ठलपंतांनी संन्यास घेतला होता. गुरूंनी आज्ञा केली म्हणून ते परत संसारात आले. आळंदीच्या समाजानं घराला वाळीत टाकलं. ‘संन्याशाची पोरं’ म्हणून चार लेकरांना हिणवलं. मुलांची मुंज व्हावी, त्यांना समाजात घ्यावं म्हणून आईबापांनी देहान्त प्रायश्चित्त घेतलं, तरी दार उघडलं नाही. शुद्धिपत्र मागायला पोरं पैठणला गेली. तिथं भरसभेत टोमणा बसला की नावात काय आहे, समोरच्या रेड्याचं नावही ज्ञानाच आहे. ज्ञानदेव म्हणाले, त्याच्यात आणि माझ्यात भेद नाही. मग बोलव त्याच्या तोंडून वेद, असं आव्हान आलं.

थोडक्यात, रेड्याचा चमत्कार ही एका क्रूर प्रश्नाला दिलेली चपराक आहे. ज्ञान कुणाचं, आणि शुद्ध कोण हे ठरवणारे तुम्ही कोण?

सिनेमा आला त्या काळात हा प्रश्न महाराष्ट्रात पेटलेलाच होता. १९२७ मध्ये महाडचा सत्याग्रह झाला. १९३० मध्ये नाशिकच्या काळाराम मंदिरापुढं सत्याग्रह सुरू झाला. पंढरपूरचं विठ्ठल मंदिर सगळ्यांना खुलं व्हावं म्हणून साने गुरुजींना उपोषण करावं लागलं ते १९४७ साली, म्हणजे सिनेमानंतर सात वर्षांनी. वाळीत पडलेल्या ब्राह्मण मुलांचं दुःख आणि अस्पृश्यतेचं दुःख एकच नव्हे, हे खरं. पण ‘तुम्ही अशुद्ध आहात’ म्हणून बंद केलेलं दार दोन्हीकडे होतं आणि थिएटरात बसलेल्या माणसाला ते ओळखू येत होतं.

भिंतीचंही तसंच. तपाचा गर्व झालेला योगी जिवंत वाघावर ताबा मिळवून येतो. समोरची पोरं निर्जीव दगडमाती चालवतात. जिवंताला धाकात ठेवणं सोपं, जडातही चैतन्य पाहणं अवघड, असा त्याचा अर्थ कीर्तनकार लावतात. हा अर्थ हरवला तर उरते फक्त एक धावती भिंत.

आज ही गोष्ट कुठं आहे?

ती अजून चालूच आहे. २०२१ मध्ये सोनी मराठीवर ‘ज्ञानेश्वर माउली’ मालिका सुरू झाली. २०२५ मध्ये दिग्पाल लांजेकरांचा ‘संत ज्ञानेश्वरांची मुक्ताई’ आला. आणि एआयमुळे तर दहा सेकंदांत कुणीही भिंत चालवू शकतं.

ट्रिक स्वस्त झाली की जबाबदारी वाढते. पुढच्या वेळी असा व्हिडिओ समोर आला तर दोन गोष्टी स्वतःला विचारता येतील. हा प्रसंग संतांच्या ग्रंथातला आहे की नंतरच्या चरित्रकारांचा? आणि त्यात वाळीत टाकलेली ती पोरं दिसतायत, की नुसताच रेडा? प्रसंग चरित्रकारांचा निघाला म्हणून तो टाकाऊ ठरत नाही. महिपतींनी तो लिहिला कारण लोकांच्या तोंडी तो जिवंत होता. पण पहिला प्रश्न विचारला की इतिहास आणि श्रद्धा यांची गल्लत होत नाही, आणि दुसरा विचारला की गोष्ट पोकळ होत नाही.

आणि कधी नगर–छत्रपती संभाजीनगर रस्त्यानं जाणं झालं तर थोडी वाट वाकडी करून नेवाशाला थांबा. तिथं चालणारी भिंत नाही, बोलणारा रेडा नाही. एक दगडी खांब आहे. त्याला टेकून एका पंधरा वर्षांच्या मुलानं संस्कृतात अडकलेली गीता मराठीत मोकळी केली, असं मानतात. त्याला कुठलीच ट्रिक लागली नव्हती.