सहवीज प्रकल्प दिला म्हणजे कारखाना गेला का?

साखर कारखान्याच्या वार्षिक सभेत सहवीजनिर्मिती प्रकल्प बाहेरच्या कंपनीकडे देण्याचा विषय निघाला की सभासदांत दोन तट पडतात. ठरावाला हात वर करण्याआधी काही समजुती तपासून घ्यायला हव्यात.

गैरसमज : प्रकल्प दिला म्हणजे कारखानाच विकला.
वस्तुस्थिती : कारखाना भाडेतत्त्वावर गेला तर गाळपच दुसऱ्याच्या हाती जाते. ‘बीओओटी’ तत्त्वात मात्र कंपनी आपल्या भांडवलावर फक्त वीजप्रकल्प उभारते, ठरलेली वर्षे चालवते आणि मग कारखान्याच्या ताब्यात देते. वारणानगरला आणि शिरोळच्या दत्त कारखान्यात याच तत्त्वावर प्रकल्प उभे राहिले. तिसऱ्या प्रकारात मालकी कारखान्याचीच राहते. कंत्राट फक्त चालवण्याचे आणि देखभालीचे असते.

गैरसमज : बगॅस म्हणजे चिपाड; फुकट दिली तरी काय बिघडले?
वस्तुस्थिती : उसाच्या वजनाच्या साधारण 28 ते 30 टक्के बगॅस निघते. रोज 5,000 टन गाळणाऱ्या कारखान्यात ती 1,400 ते 1,500 टन भरते. जुन्या कमी दाबाच्या बॉयलरवर त्यातून जेमतेम कारखान्याची गरज भागायची. 67, 87 किंवा 110 किलो दाबाच्या बॉयलरवर विकण्याजोगी वीज उरते. म्हणूनच करारात बगॅसचा भाव हवा आणि तिचा ओलावा कोण मोजणार हेही हवे.

गैरसमज : वीज वेगळी, साखर वेगळी.
वस्तुस्थिती : टर्बाइन फिरवून बाहेर पडणारी वाफच पुढे उसाचा रस आटवते. बॉयलर ट्रिप झाला की गव्हाण थांबते, तोडलेला ऊस गाड्यांतच वाळतो आणि उतारा घटतो. वाफेचा दाब किती राखायचा आणि गाळप थांबल्यास भरपाई किती, हे कागदावर असलेच पाहिजे.

गैरसमज : कंत्राट दिले की जबाबदारी संपली.
वस्तुस्थिती : दुष्काळात ऊस घटला की बगॅसही घटते; किमान पुरवठ्याची अट मान्य केली असेल तर तुटीचा भार कारखान्यावर पडतो. कंत्राटदाराने कामगारांचे वेतन थकवले तर ते देण्याची पाळी मूळ मालकावर येते. 14 दिवसांत एफआरपी, म्हणजे उसाची रास्त व किफायतशीर किंमत, देण्याचे बंधन कारखान्यावरच राहते, आणि उशीर झाला तर वर्षाला 15 टक्के व्याजही.

सभासदांनी सभेआधी कराराचा मसुदा मागावा आणि चार गोष्टी पाहाव्यात : बगॅस किती द्यायची, वाफ किती मिळणार, तूट कोणी सोसायची, प्रकल्प कधी आणि कोणत्या स्थितीत परत येणार. याची लेखी उत्तरे असतील तर असा करार भांडवल नसलेल्या कारखान्याला खरोखर उभारी देऊ शकतो. ती नसतील तर ठराव पुढे ढकलण्याचा आग्रह सभासदांनी धरावा.