टायटेनियम महाग खरं, पण सगळीकडे चालत नाही

हाड मोडलं, ऑपरेशन ठरलं, की डॉक्टर विचारतात, ‘स्टीलची प्लेट घालायची की टायटेनियमची?’ महाग ते चांगलं, असं धरून नातेवाईक टायटेनियमला मान डोलावतात. नेहमीच ते बरोबर असतं असं नाही.

१९५० च्या दशकात स्वीडनमध्ये पेर-इंगवार ब्रॉनेमार्क सशाच्या हाडातला रक्तप्रवाह अभ्यासत होते. त्यासाठी बसवलेलं टायटेनियमचं उपकरण काम झाल्यावर काढायला गेले, तर निघेचना. हाडाने ते धरून ठेवलं होतं. हवा लागताच या धातूवर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर चढतो. ओरखडा पडला तरी पुन्हा धरतो. म्हणून तो गंजत नाही आणि हाडही त्याला बिलगून वाढतं. शिवाय वजन स्टीलच्या निम्म्याहून थोडं जास्त, एमआरआयमध्ये चित्र कमी बिघडतं आणि निकेलची ॲलर्जी असलेल्यांची सोय होते.

टायटेनियमच्या प्रचलित मिश्रधातूत ६ टक्के ॲल्युमिनियम आणि ४ टक्के व्हॅनेडियम असतं. तो मुळात विमानांसाठी घडवलेला. त्याचा ताठपणा सुमारे ११० गिगापास्कल, स्टीलचा १९० च्या पुढे, हाडाचा मात्र वीसच्या आसपास. हाडावर भार पडला तरच ते टिकतं. सगळा भार ताठ सळईने उचलला, तर शेजारचं हाड रिकामटेकडं होऊन झिजतं. टायटेनियममध्ये हा धोका कमी, पण संपलेला नाही.

खरी गोची घासण्याची. खुब्याच्या सांध्यातला गोळा टायटेनियमचा केला तेव्हा तो झिजून भोवतालचं मांस काळं पडलं. आता खुब्यात दांडा टायटेनियमचा असला, तरी गोळा कोबाल्ट-क्रोमचा किंवा सिरॅमिकचा बसवतात.

आणि हाडाशी जमलेली ही गट्टी प्लेट काढायच्या वेळी नडते. शिवाय लॉकिंग प्लेटमध्ये स्क्रूचं डोकं प्लेटच्याच आट्यांत बसवलेलं असतं, ते तिथेच अडकतं. पाना फिरवावा तर खाच गोल होते. मग डोकंच ड्रिलने पोखरायचं आणि जखमेत सांडलेला धातूचा चुरा धुऊन काढायचा. पुढे प्लेट काढायचीच असेल, तर स्टीलचा विचार करायला काहीच हरकत नाही.

व्हॅनेडियमच्या सुरक्षिततेबद्दलच्या शंकांमुळे काही मिश्रधातूंत त्याच्या जागी नायोबियम आलं. नायोबियम, टँटलम, झिर्कोनियम घातलेले काही नवे मिश्रधातू तर ताठपणात ६० गिगापास्कलपर्यंत उतरलेत. मात्र माणूस चालताना वर्षाला लाखो वेळा पडणारा भार सोसण्याची ताकदही त्यांच्यात हवी, आणि लवचीकपणा वाढवताना ती राखणं अवघड जातं.