उष्टं-खरकटं वजनकाट्यावर!

आज ताटात काही टाकलंत का? खरं सांगा हं! आईचं लक्ष नाही असं पाहून भोपळ्याची भाजी हळूच बादलीत... आपल्याकडे खपून जातं. पण तुम्ही दक्षिण कोरियातल्या सोल शहरात राहत असता, तर त्या भाजीचं वजन झालं असतं आणि घरच्यांना पैसे भरावे लागले असते!

तिथल्या पुष्कळ इमारतींच्या आवारात एक खास पेटी असते. घरचं कार्ड तिच्यासमोर धरलं की झाकण आपोआप उघडतं. खरकटं ओतलं की पडद्यावर वजनाचा आकडा येतो आणि तो त्या घराच्या नावावर चढतो.

कार्डात ना सेल, ना बॅटरी. असते ती इवलीशी चिप आणि तारेचं वेटोळं. मग वीज कुठली? गंमत तीच आहे. पेटीतलं यंत्र रेडिओ लहरी सोडतं. वेटोळं त्या लहरींतूनच चिमूटभर वीज मिळवतं. तेवढ्यावर चिप जागी होते, आपला क्रमांक सांगते आणि पुन्हा गप्प! या युक्तीला 'आरएफआयडी' म्हणतात. आपल्या मोटारीच्या काचेवरचा फास्टॅग याच कुटुंबातला.

एवढा खटाटोप कशाला? कोरियात जेवताना भाताबरोबर रस्सा आणि लोणच्या-भाज्यांच्या कितीतरी वाट्या मांडतात. उरतंही खूप, आणि सगळं ओलं. ते जमिनीत पुरलं की कुजतं, घाण पाणी झिरपतं, मिथेन वायू सुटतो. सोलचा सगळा कचरा १९७८ पासून १९९३ पर्यंत नांजीदो या जागी टाकत. तिथे कचऱ्याचे डोंगर झाले, सुमारे ९८ मीटर उंच! (आता त्यांवर बागा आहेत.) शेवटी २००५ साली खरकटं थेट पुरायला बंदी आली.

पण इमारतीतल्या सगळ्यांना सारखेच पैसे असले, तर कमी टाकणाऱ्याला फायदा काय? नेमकी इथेच चिप कामाला आली. २०१३ पासून देशभर 'जेवढं टाकाल तेवढं भरा' हा नियम आला, आणि प्रत्येक घराचा वेगळा हिशेब ठेवणं कार्डामुळे सोपं झालं. जमलेल्या खरकट्याचं खत, जनावरांचं खाद्य आणि गॅस होतो. म्हणजे शेतातून ताटात आलेलं अन्न पुन्हा शेताकडे निघतं. १९९५ साली शंभर किलोंतलं जेमतेम दोन किलो असं वापरात येई. आता नव्वदहून जास्त येतं.

लोकही हुशार! पाण्याचंही वजन होतं ना, म्हणून खरकटं आधी घट्ट पिळून घेतात. मात्र कार्डाला कळतं फक्त 'कोणाचं', आणि काट्याला 'किती'. आत काय आहे, ते दोघांनाही कळत नाही. त्यामुळे हाडं, शिंपले आणि अंड्याची टरफलं घरीच, हातानं वेगळी काढावी लागतात.