चुकलेली तारीख आणि दूरवैद्यक

मोताळा तालुक्यातील धामणगाव बढे आणि आसपासच्या खेड्यांतून मानसोपचारासाठी बुलढाण्याच्या जिल्हा रुग्णालयात जायचे, तर एसटीचे भाडे, बुडालेली मजुरी आणि सोबत येणाऱ्याचाही मोडलेला दिवस असा भार कुटुंबावर पडतो. त्यामुळे कपाशीची वेचणी ऐन भरात असताना बाह्यरुग्ण विभागाने दिलेली तारीख चुकली, तर त्याला रुग्णाचा हलगर्जीपणा म्हणणे अन्यायाचे ठरते. मानसिक आजारात मात्र ही खंडितता फार महागात पडते. नैराश्यावरील औषधांचा गुण दिसण्यास काही आठवडे लागतात, स्किझोफ्रेनियात, म्हणजे भास व भ्रम होणाऱ्या आजारात, औषध मध्येच सुटल्यास आजार उलटण्याचा धोका वाढतो, आणि घराबाहेर पडण्याची उमेदच संपणे हे नैराश्याचे लक्षण असल्याने ज्याला उपचारांची निकड अधिक, तोच आधी गळतो.

दूरवैद्यक, म्हणजे फोन किंवा व्हिडिओद्वारे डॉक्टरांनी रुग्णाची विचारपूस करून सल्ला देणे, येथे उपयोगी पडते. केंद्र सरकारच्या २५ मार्च २०२०च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार प्रत्यक्ष तपासणीनंतर सहा महिन्यांच्या आत त्याच डॉक्टरांशी त्याच आजारासाठी झालेला असा संवाद पाठपुरावा मानला जातो, म्हणजे काही फेऱ्या रीतसर वाचू शकतात. १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेल्या ‘टेली-मानस’च्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतही मोफत समुपदेशन मिळते, परंतु मदतवाहिनी रुग्णाच्या फोनची वाट पाहते, आणि तारीख चुकवणाऱ्यासाठी फोन रुग्णालयाकडूनच यायला हवा.

शेजारच्या अमरावती जिल्ह्यात ‘विश्राम’ या प्रकल्पाने ३० गावांत स्थानिक कार्यकर्त्यांकरवी समुपदेशन पोहोचवले, तेव्हा नैराश्यग्रस्तांपैकी उपचार घेणाऱ्यांचे प्रमाण १८ महिन्यांत ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. म्हणून दूरवैद्यकाची यंत्रणाही आशा सेविकेसारख्या गावातल्या ओळखीच्या व्यक्तीशी जोडलेली असावी, तारखेच्या आदल्या दिवशी तिनेच आठवण द्यावी, आणि जिथे घरातला एकमेव मोबाईल दुसऱ्याच्या हाती असतो, तिथल्या स्त्रीला उपकेंद्रात दार लावून मोकळेपणी बोलता यावे. मात्र लिथियम हे मानसिक आजारावरील औषध घेणाऱ्यांच्या रक्तातील त्याचे प्रमाण तसेच मूत्रपिंड व थायरॉईडचे कार्य ठरावीक काळाने तपासावे लागते. अशा चाचण्यांच्या तारखा तरी प्रत्यक्ष भेटीच्याच ठेवाव्या लागतील.