संगणकीय खेळांतील आश्चर्यवास्तू आणि भूरूपाची अट : खानदेशाच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

'सिव्हिलायझेशन' या संगणकीय खेळाचा पहिला भाग १९९१ साली प्रसिद्ध झाला. खेळाडूने नगरे वसवावीत, शेती व खाणी वाढवाव्यात, शेजारी राज्यांशी स्पर्धा करावी आणि पिरॅमिडसारखी एखादी आश्चर्यवास्तू इतरांच्या आधी उभारावी, अशी या खेळाची सर्वसाधारण रचना आहे. ज्या विद्यार्थ्यांना प्राचीन संस्कृतींचा पहिला परिचय अशा खेळातून होतो, त्यांच्या मनात भूमी व वास्तू यांच्या संबंधाचे एक चित्र वर्गात येण्यापूर्वीच तयार झालेले असते. ते चित्र कितपत ग्राह्य आहे, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

खेळातील अट

आरंभीच्या भागांत आश्चर्यवास्तू नगराच्या खाती जमा होत असे. नकाशावर तिला स्वतंत्र जागा नव्हती. २०१६ साली आलेल्या सहाव्या भागाने हे चित्र पालटले. आता प्रत्येक आश्चर्यवास्तूला नकाशावरील एक षट्कोनी घर द्यावे लागते आणि ते घर विशिष्ट भूरूपाचेच असावे लागते. पिरॅमिडसाठी सपाट वाळवंट, माचू पिचूसाठी पर्वत, झुलत्या बागांसाठी नदीकाठ, चिचेन इत्झासाठी वर्षावन. त्या घरात होऊ शकणाऱ्या शेतीवर खेळाडूला पाणी सोडावे लागते. म्हणून नगर कोठे वसवावे हा निर्णय आश्चर्यवास्तूचा विचार करून फार आधी घ्यावा लागतो. पेट्रा हे याचे उत्तम उदाहरण होय. एरवी टाकाऊ ठरणारे वाळवंट पेट्रा उभारताच अन्न, उत्पादन व सोने देऊ लागते. त्यामुळे जाणता खेळाडू मुद्दाम वाळवंटाच्या कडेला नगर वसवितो.

भूगोलाच्या परिभाषेत बोलायचे तर या नियमाचा पाया निसर्गवादाचा असला, तरी त्याचे फळ संभववादाकडे झुकते. समाजाचे स्थान मात्र त्यात नाममात्र आहे. ताजमहालासाठी नदीकाठ हवा. शाहजहानची गरज नाही. ही उणीव सहज दिसते आणि विद्यार्थ्यांच्याही लक्षात येते. त्याहून महत्त्वाची उणीव सहसा नजरेतून सुटते : खेळ भूमीची परीक्षा एकदाच, जागा निवडतानाच घेतो. एकदा अट पूर्ण झाली की ती पुन्हा तपासली जात नाही. २०१९ च्या विस्तारात पूर, दुष्काळ व ज्वालामुखी आले, तरी हा मूळ नियम कायम राहिला.

खानदेशातील पडताळा

प्रत्यक्षात ही परीक्षा काम चालू असताना आणि नंतरही चालूच राहते. वाघूर नदीच्या नालाकृती घळीतील अजिंठ्याची जागा खेळाच्या कोणत्याही अटीत बसेल : उभा कडा, कठीण बेसॉल्ट, जवळ पाणी. तरीही तेथील सर्वांत मोठा विहार असलेल्या लेणे क्र. ४ च्या कामात खडकातील दोष उघड झाला, छताचा भाग कोसळला आणि ते लेणे अपूर्णच राहिले. दख्खनचा बेसॉल्ट लाव्हाच्या एकावर एक थरांनी बनलेला आहे. दोन थरांमधील कच्चा भाग पुष्कळदा छिन्नी तेथवर पोहोचल्यावरच कळतो. चाळीसगावजवळच्या पितळखोऱ्यात तर खडकच इतका ठिसूळ की कोरून झालेल्या लेण्यांचे दर्शनी भाग पुढे ढासळले.

साक्री परिसरातील पांझरेच्या खोऱ्यातील फड पद्धती ही रूढ अर्थाने आश्चर्यवास्तू नव्हे. तथापि, एका बांधकामामुळे भोवतालच्या शिवाराचे उत्पन्न बदलणे हा पेट्राचा गुण तिच्याइतका क्वचितच कोठे आढळेल. नदीपात्रात बांधासाठी पायाचा खडक उघडा असेल आणि तेथून पाटाला काठावरील जमिनीपर्यंत उतार मिळेल, अशी जागा निवडून बंधारा घातला जाई. लाभक्षेत्राचे फड पाडून एका फडात एकच पीक घेतले जाई आणि पाण्याची पाळी पाटकरी सांभाळी. दगडी बांध ही या व्यवस्थेची केवळ दिसणारी बाजू. पाट उपसणे, पाळी पाळणे व पीक ठरविणे यांसाठी गावाला दरवर्षी एकत्र यावे लागे. शिवाय खालच्या बंधाऱ्याचे पाणी वरच्या बंधाऱ्यावर अवलंबून असल्यामुळे एका गावाच्या जागेची अट दुसऱ्या गावाच्या वर्तनाने बदलत असे. खेळातील षट्कोनी घरांना असा शेजार ठाऊक नाही.

पुढे वरच्या अंगाला धरणे झाली, विहिरींचा उपसा वाढला आणि अनेक ठिकाणी फडांचा वापर मागे पडला. ज्या खडकावर बांध घातला होता, तो खडक आहे तेथेच आहे. प्रवाहाचे प्रमाण व काळ तेवढे बदलले. वर्गात सहाव्या भागाचा नकाशा दाखविणाऱ्या अध्यापकाने त्याच तासाला पांझरेच्या पात्रातील एखादा जुना बंधाराही दाखवावा आणि त्याची जागा निवडताना काय पाहिले असेल व आज त्यातले काय उरले आहे, हे दोन्ही प्रश्न विद्यार्थ्यांपुढे ठेवावेत.