सीमापार बदनामी आणि न्यायालयाचे अधिकारक्षेत्र

चाकणच्या एखाद्या सुट्या भागांच्या पुरवठादाराविषयी ‘हा निकृष्ट माल खपवतो’ असा खोटा मजकूर अमेरिकेतील व्यक्तीने इंटरनेटवर टाकला, तर दाद कोठे मागावी, हा प्रश्न पिंपरी-चिंचवड औद्योगिक पट्ट्यात केवळ पुस्तकी राहिलेला नाही.

बदनामी मजकूर लिहिल्याने नव्हे, तर तो तिसऱ्या व्यक्तीने वाचल्याने घडते. ऑस्ट्रेलियाच्या सर्वोच्च पातळीवरील न्यायालयाने २००२ साली डाऊ जोन्स विरुद्ध गटनिक या खटल्यात हेच तत्त्व इंटरनेटला लावले. भारतात दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ च्या कलम २० नुसार दाव्याचे कारण अंशतः जेथे घडले तेथेही दावा दाखल करता येतो. म्हणजे चाकणमध्ये मजकूर वाचला गेल्यास खेड तालुक्यातील न्यायालयाचा दरवाजा बंद नाही.

अडचण पुढेच आहे. अमेरिकेच्या २०१० च्या स्पीच कायद्यामुळे तेथील अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या कसोटीला न उतरणारा परकीय हुकूमनामा तेथे अंमलात येत नाही. मजकूर हटविण्याबाबत दिल्ली उच्च न्यायालयाच्या एकल न्यायाधीशांनी २०१९ मध्ये स्वामी रामदेव विरुद्ध फेसबुक प्रकरणात भेद केला: भारतातून चढविलेला मजकूर जगभर हटवावा, परदेशातून चढविलेला मात्र केवळ भारतात दिसू नये. या आदेशाविरुद्ध अपील झाले. परंतु असा भेद मान्य केल्यास चाकणच्या पुरवठादाराला फारसे काही मिळत नाही, कारण त्याचा जर्मनीतील ग्राहक तो मजकूर वाचतच राहतो.

शिवाय मुदत कायदा, १९६३ नुसार लेखी बदनामीच्या दाव्यास प्रसिद्धीपासून एकच वर्ष मिळते. मात्र प्रतिवादी भारताबाहेर असतानाचा काळ ही मुदत मोजताना वगळला जातो.